इंटरप्ट एकदाच येतो आणि मग गप्प: लिनक्स ड्रायव्हर लिहिताना या चुका टाळा

ड्रायव्हर लोड होतो, लॉगमध्ये एकही एरर नाही, टचस्क्रीनवर पहिलं बोट टेकवलं की प्रतिसादही मिळतो. त्यानंतर मात्र ढिम्म. अशा वेळी बहुतेक जण थेट हँडलरमध्ये, म्हणजे इंटरप्ट (डिव्हाइसने प्रोसेसरला दिलेला ‘लक्ष दे’ हा इशारा) आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये, प्रिंटके (लॉगमध्ये लिहिणाऱ्या ओळी) टाकत सुटतात. त्याआधी किती इंटरप्ट आले ते दाखवणारी /प्रॉक/इंटरप्ट्स ही फाइल दोनदा वाचा आणि मधल्या वेळात डिव्हाइसला हात लावा. तुमच्या लाइनसमोरचा (इंटरप्टच्या तारेसमोरचा) आकडा मुळीच वाढला नाही, एकदाच वाढून थांबला, की सुसाट पळत सुटला? तिन्हींची कारणं निराळी असतात आणि बऱ्याचदा ती हँडलरच्या कोडमध्ये नसतातच. तारेवर प्रत्यक्ष काय चाललंय आणि कर्नलला आपण काय सांगितलंय, यांचा मेळ बसलेला नसतो.

आकडा एकदाच वाढून थांबला

इथे संशयित जवळजवळ ठरलेला: एज आणि लेव्हलची गल्लत. एज म्हणजे लाइनची पातळी बदलते तो क्षण, लेव्हल म्हणजे ती पातळी टिकून असेपर्यंतचा काळ. अनेक सेन्सर आणि टच कंट्रोलर आपल्याकडे डेटा शिल्लक असेपर्यंत इंटरप्टची लाइन लो धरून ठेवतात. ड्रायव्हरने मात्र फॉलिंग एज मागितलेली असते. हँडलर फिफोमधून (चिपमधल्या डेटाच्या रांगेतून) एक पॅकेट वाचतो, तेवढ्यात दुसरं येऊन पडतं. लाइन वर जातच नाही, मग पुन्हा खाली कुठून येणार? एज नाही म्हणून इंटरप्ट नाही, इंटरप्ट नाही म्हणून वाचन नाही, वाचन नाही म्हणून लाइन लोच. पिनवर मल्टिमीटर लावा. डिव्हाइसला कुणी हात लावत नसतानाही शून्याच्या आसपास व्होल्टेज दिसलं की निदान झालं.

कर्नलच्या आधी चालणाऱ्या बूटलोडरने चिप आधीच चालू करून ठेवली असेल, तर ड्रायव्हर इंटरप्ट मागतो तेव्हाच लाइन लो असू शकते. मग पहिला इंटरप्टसुद्धा येत नाही.

उपाय म्हणजे लेव्हल-लो ट्रिगर: लाइन लो असेपर्यंत इंटरप्ट येत राहतो. इंटरप्ट कंट्रोलरला लेव्हल जमत नसेल, तर फिफो पूर्ण रिकामा होईपर्यंत लूपमध्ये वाचा आणि सुरुवातीला एकदा चिपचं स्टेटस (इंटरप्टची नोंद) साफ करून घ्या.

आकडा सुसाट पळतोय

लेव्हल घेतली की वेगळं पथ्य लागतं. चिपचं स्टेटस साफ होण्याआधी लाइन अनमास्क (पुन्हा खुली) झाली, तर इंटरप्ट लगेच पुन्हा येतो. आयटूसी या दोन तारांच्या बसवरची चिप असेल तर हार्ड हँडलरमध्ये (इंटरप्ट आल्याक्षणी चालणाऱ्या भागात) ती वाचताही येत नाही, कारण आयटूसी ट्रान्सफर स्लीप करतो, म्हणजे वाट पाहत थांबतो, आणि तिथे थांबायला मनाई असते. म्हणून थ्रेडेड इंटरप्ट (मुख्य काम वेगळ्या थ्रेडमध्ये) वापरायचा आणि सोबत आयआरक्यूएफ_वनशॉट द्यायचा, म्हणजे थ्रेड संपेपर्यंत लाइन मास्क राहते. प्रायमरी (म्हणजे हार्ड) हँडलर नल देऊन वनशॉट विसरलात तर कर्नल सहसा विनंतीच नाकारतो. खरा धोका स्वतःचा प्रायमरी हँडलर लिहिणाऱ्यांना आहे. तिथे कर्नल अडवत नाही, आणि लेव्हल लाइनवर थ्रेडला वाचायची संधी मिळण्याआधीच इंटरप्टचा पूर येतो.

लाइन सोल्डरच झालेली नसेल किंवा ओपन-ड्रेन पिनला (जी लाइन फक्त खाली ओढू शकते) पुल-अप (लाइन वर धरणारा रेझिस्टर) नसेल, तरीही आकडा असाच पळतो. हे कोडने सुटणारं नाही. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डवरच्या हार्डवेअरचं वर्णन देणाऱ्या फाइलमध्ये) पुल-अप द्या, नाहीतर बोर्डवर रेझिस्टर बसवा.

‘नोबडी केअर्ड’ हा संदेश दिसला, तर समजा की १,००,००० इंटरप्टपैकी ९९,९०० हून जास्त कुणीच आपले म्हटले नाहीत आणि कर्नलने लाइन बंद केली. यावर हँडलरमधून डोळे मिटून ‘हँडल्ड’ परत करणं हा सर्रास केला जाणारा आणि सर्वांत वाईट इलाज आहे. शेअर्ड लाइनवर (एकच तार अनेक डिव्हाइस वापरतात तिथे) तर त्यामुळे शेजारच्या डिव्हाइसचा बिघाडही झाकला जातो. आपलं स्टेटस रजिस्टर पाहा. इंटरप्ट आपला नसेल तर सरळ ‘नन’ परत करा.

आकडा वाढतच नाही

आधी पिनमक्स, म्हणजे पिन कोणत्या कामाला जोडली आहे ते, तपासा. पिन अजून युआर्टच्या (सिरियल पोर्टच्या) कामाला जुंपलेली असेल, तर जीपीआयओ (साधी इनपुट-आउटपुट पिन) म्हणून ती काय उत्तर देणार? डीबगएफएसमधल्या (कर्नलच्या डीबगिंगच्या फाइलींमधल्या) पिनकंट्रोल आणि जीपीआयओ या नोंदींत ती कुणाकडे आहे ते दिसतं.

मग डिव्हाइस ट्री. आर्मच्या जीआयसीवर (इंटरप्ट कंट्रोलरवर) एसपीआय (शेअर्ड पेरिफेरल इंटरप्ट) गटाचे इंटरप्ट ३२ पासून सुरू होतात. चिपच्या मॅन्युअलमध्ये जीआयसीचा सरसकट क्रमांक ७५ छापलेला असेल, तर डिव्हाइस ट्रीमध्ये ७५ वजा ३२, म्हणजे ४३ लिहावा लागतो. ट्रिगरही तिथेच लिहा: १ रायझिंग, २ फॉलिंग, ४ हाय, ८ लो. ड्रायव्हरमध्ये ट्रिगर कोरून ठेवला, तर ज्या बोर्डवर मध्ये इन्व्हर्टर (सिग्नल उलटवणारा भाग) आहे तिथे तो हमखास फसतो.

इंटरप्टचा क्रमांक साठवायला अनसाइन्ड व्हेरिएबल घेतलं असेल, तर ऋण एरर कधीच पकडला जाणार नाही. आणि -५१७ आला म्हणून घाबरू नका. जीपीआयओ पुरवणारा ड्रायव्हर अजून आलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो कोड प्रोबमधून (ड्रायव्हर सुरू करणाऱ्या फंक्शनमधून) जसाच्या तसा परत करा.

पिनच्या बाबतीत

पिनचे क्रमांक कोडमध्ये लिहू नका. रास्पबेरी पायवर ६.६ कर्नल आला, तेव्हा जुन्या सिसएफएस पद्धतीत (जिथे फाइलमध्ये पिनचा क्रमांक लिहायचा) १७ ची पिन ५२९ झाली, कारण मोजणी ५१२ पासून सुरू झाली. कित्येक स्क्रिप्ट रातोरात बंद पडल्या. खरं तर ती पद्धत ४.८ पासूनच कालबाह्य ठरवलेली आहे. क्रमांकाऐवजी कर्नलकडून मिळणारा पिनचा डिस्क्रिप्टर वापरा.

डिस्क्रिप्टरमध्येही एक खोच आहे. व्हॅल्यू १ म्हणजे ‘हाय’ नव्हे, ‘सक्रिय’. डिव्हाइस ट्रीमध्ये रीसेट पिन अ‍ॅक्टिव्ह-लो (लो असताना सक्रिय) लिहिली आणि जुन्या कोडमधला ‘० म्हणजे रीसेट, १ म्हणजे मोकळी’ हा क्रम तसाच ठेवला, की शेवटी चिप कायमची रीसेटमध्ये अडकते.

बंद करताना

हँडलरच्या आतून त्याच लाइनसाठी डिसेबल_आयआरक्यू बोलावलंत तर डेडलॉक नक्की, कारण ते चालू हँडलर संपायची वाट पाहतं आणि तो हँडलर म्हणजे तुम्हीच. तिथे वाट न पाहणारं नोसिंक रूप वापरा.

डेव्हएमने (ड्रायव्हर निघताना आपोआप साफसफाई करणाऱ्या फंक्शनांनी) मागितलेला इंटरप्ट रिमूव्ह फंक्शन संपल्यानंतर सुटतो. तुम्ही रिमूव्हमध्ये वर्क (नंतर करायला रांगेत लावलेलं काम) रद्द केलं आणि बफर हाताने मोकळा केला. तेवढ्यात इंटरप्ट आला आणि त्याने तेच वर्क पुन्हा रांगेत लावलं, तर ते मोकळ्या झालेल्या मेमरीवर चालतं. आधी चिपचा इंटरप्ट बंद करा, लाइन डिसेबल करा, मगच वर्क रद्द करा. शेअर्ड लाइन असेल तर ती डिसेबल केल्याने शेजारीही थांबतो, म्हणून तिथे इंटरप्ट स्वतः सोडून द्या. तसंच डेव्हलपमेंटच्या कर्नलमध्ये कॉन्फिग_डीबग_एसएचआयआरक्यू चालू ठेवा. शेअर्ड इंटरप्ट सोडताना कर्नल तुमचा हँडलर मुद्दाम एकदा बोलावतो, आणि चुकीचा क्रम तुमच्या टेबलावरच उघडा पडतो.