फ्री-टू-एअर रिसीव्हर घेताय? आधी ट्यूनर बघा

फ्री-टू-एअर रिसीव्हर, म्हणजे छत्रीवरून फुकट, खुली चॅनेल दाखवणारा बॉक्स, घ्यायला गेलात की दुकानदार आधी यूट्यूब चालवून दाखवतो. मग वाय-फायची काडी, मग मोबाईलवरचं ॲप. खोक्यावरही याच गोष्टी मोठ्या अक्षरात असतात. ट्यूनरबद्दल एखादी ओळ असते, तीही कोपऱ्यात. हौसेसाठी बॉक्स घेणाऱ्याने नेमकी तीच ओळ वाचायची. यूट्यूब काय, मोबाईलवरही दिसतं. पण आकाशातून आलेला कमजोर, अरुंद, कुठल्याही यादीत नसलेला सिग्नल शोधून धरायचा तर ट्यूनरच लागतो, आणि आपल्या हौसेचा सगळा आनंद त्यातच आहे.

मी कराडचा. बरीच वर्षं केबलचा धंदा केला. डिजिटल केबलचा चौथा टप्पा मार्च 2017 मध्ये संपला आणि आमची छोटी कंट्रोल रूम बंद झाली. मोठ्या कंपनीची तयार फीड (चॅनेलचा सिग्नल) घ्यायची आणि वाटायची, एवढंच काम उरलं. गच्चीवरची आठ फुटी जाळीची छत्री मात्र मी उतरवली नाही. रोज संध्याकाळी तासभर तरी तिच्यावर काहीतरी शोधत बसतो. त्यामुळे आसपासची पोरं "काका, कुठला बॉक्स घेऊ?" म्हणून येतात. त्यांना मी पहिला प्रश्न विचारतो, तोच तुम्हाला विचारतो: छत्री कुठली आहे, आणि बघायचं काय आहे?

दोन फुटी छत्री असेल आणि डीडी फ्री डिशपुरतंच बघायचं असेल, तर निवड सोपी आहे. ही सेवा डिसेंबर 2004 मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झाली. आता ती 93.5 अंश पूर्वेवरच्या जीसॅट-15 वरून येते. कराडहून हा उपग्रह आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण 60 अंश वर आहे. या सेवेत काही चॅनेल चित्र दाबून पाठवायच्या जुन्या एमपेग-2 पद्धतीत आहेत, काही एमपेग-4 मध्ये. बाजारात अजूनही फक्त एमपेग-2 दाखवणारे स्वस्त बॉक्स मिळतात. ते घेऊ नका, अर्धी यादी रिकामी दिसेल. डीव्हीबी-एस2 (उपग्रह सिग्नलचं मानक) आणि एमपेग-4 हे आज किमान धरायचं, आणि एचईव्हीसी म्हणजे एच.265 सुद्धा असेल तर उत्तम. नवी चॅनेल त्या बाजूला चालली आहेत आणि ज्याच्या चिपमध्ये ते नाही त्याला ते नंतर सॉफ्टवेअर टाकून मिळत नाही.

खरी मजा सहा-आठ फुटी सी-बँडच्या (मोठ्या छत्रीवर येणाऱ्या कमी फ्रिक्वेन्सीच्या) छत्रीवर आहे. 66 अंशांवर इंटेलसॅट-17, 68.5 वर इंटेलसॅट-20, 83 वर आपले भारतीय उपग्रह, 105.5 वर एशियासॅट-7. इथे चॅनेल येतात, जातात, फ्रिक्वेन्सी बदलतात. बातमीच्या गाडीवरून एखादी फीड अर्धा तास सुरू होते आणि बंद होते. असं काही पकडायचं असेल तर बॉक्समध्ये ब्लाइंड स्कॅन हवाच, आणि तो खरा हवा. काही स्वस्त बॉक्समध्ये ब्लाइंड स्कॅन असं नाव असतं, पण आत भरलेल्या जुन्या फ्रिक्वेन्सींच्या यादीवरून तो फक्त एक फेरी मारतो. खरा ब्लाइंड स्कॅन एलएनबीकडून (छत्रीपुढचा सिग्नल पकडणारा डबा) वायरने येणारं 950 ते 2150 मेगाहर्ट्झ सगळं चाळतो आणि फ्रिक्वेन्सी, सिम्बॉल रेट (सिग्नलचा वेग), पोलरायझेशन (लहर आडवी की उभी) स्वतः काढून देतो. फरक ओळखायची युक्ती सोपी आहे. बॉक्समधली त्या उपग्रहाची सगळी ट्रान्सपाँडर (उपग्रहावरचे एकेक प्रक्षेपक) यादी पुसून टाका आणि मग स्कॅन लावा. हात रिकामे आले तर तो बॉक्स परत करा.

दुसरी गोष्ट, किमान सिम्बॉल रेट. फ्री डिशचे ट्रान्सपाँडर 29500 चे, म्हणजे रुंद. ते कोणताही बॉक्स धरतो. पण एकट्या चॅनेलची फीड 2000 किंवा त्याहून कमी सिम्बॉल रेटवरही असते. तिथे साध्या ट्यूनरची फजिती होते. 1000 पर्यंत धरणारा ट्यूनर मागा. अशा अरुंद सिग्नलला एलएनबीही स्थिर लागतो. दुपारच्या उन्हात जुना एलएनबी तापला की त्याची फ्रिक्वेन्सी सरकते. रुंद ट्रान्सपाँडरला त्याचा पत्ताही लागत नाही, अरुंद फीड मात्र हातातून सुटते. म्हणून बॉक्सच्या बजेटमधले थोडे पैसे पीएलएल (फ्रिक्वेन्सी स्थिर धरणाऱ्या) एलएनबीसाठी ठेवा.

आता मोड्युलेशन, म्हणजे सिग्नलवर माहिती बसवायची पद्धत. घरगुती प्रसारणासाठी क्यूपीएसके आणि 8पीएसके असतं, ते सगळेच बॉक्स दाखवतात. 16एपीएसके आणि 32एपीएसके व्यावसायिक फीडवर असतात. साध्या बॉक्सवर तिथे स्ट्रेंग्थ भरपूर दिसते आणि क्वालिटी शून्य. पुष्कळ जण मग छत्री हलवत बसतात, एलएनबी फिरवत बसतात. छत्रीचा दोष नसतो, ट्यूनरला ती भाषाच येत नाही. 2014 मध्ये आलेलं डीव्हीबी-एस2एक्स (एस2 ची पुढची आवृत्ती) आणि मल्टिस्ट्रीम (एकाच फ्रिक्वेन्सीवर अनेक प्रवाह) यांचंही तसंच. बॉक्सवर एस2एक्स छापलं असेल तर आतल्या चिपचं नाव विचारा आणि ते दुसऱ्या कुणी वापरून पाहिलंय का ते शोधा. नुसत्या छापील शब्दावर विसंबू नका.

स्विच आणि मोटरकडे बघू. डायसेक म्हणजे बॉक्सने स्विच-मोटरला हुकूम द्यायची पद्धत. 1.0 म्हणजे चार एलएनबी, 1.1 म्हणजे 16 पर्यंत, 1.2 म्हणजे मोटर. यूएसएएलएस असेल तर तुमच्या गावाचे अक्षांश-रेखांश भरले की बॉक्स प्रत्येक उपग्रहाचा कोन स्वतः काढतो आणि छोट्या छत्रीची मोटर तिथे नेतो. हे चारही बॉक्समध्ये असावेत. लहान मोटर जोडणार असाल तर एलएनबीच्या पिनवर बॉक्स किती करंट देतो ते बघा, 400 ते 500 मिलिअँपिअर हवा. आठ फुटी छत्रीचा 36 व्होल्टचा ॲक्च्युएटर (छत्री सरकवणारा दांडा) कुठलाच बॉक्स थेट चालवत नाही. त्याला मध्ये व्ही-बॉक्ससारखा पोझिशनर लागतो, तो डायसेक 1.2 चे हुकूम घेतो आणि ॲक्च्युएटर चालवतो. याच ठिकाणी लोक बॉक्सला शिव्या देतात, म्हणून सांगितलं.

एक नवीन अडचण आहे, तिचा बॉक्सशी संबंध नाही पण तिचा ठपका बॉक्सवर येतो. ऑक्टोबर 2022 पासून देशात फाइव्ह-जी सुरू झालं. त्याला 3300 ते 3670 मेगाहर्ट्झ दिलंय. आपले जुने सी-बँड एलएनबी 3400 पासून 4200 पर्यंत सगळंच आत घेतात. जवळ टॉवर असेल तर एलएनबी त्या जोरदार सिग्नलने भरून जातो, आणि वरच्या फ्रिक्वेन्सीची चॅनेलही फुटायला लागतात. बॉक्स बदलून काही होत नाही. 3700 ते 4200 चा, फिल्टर असलेला एलएनबी घ्या. बॉक्समध्ये स्पेक्ट्रमचं चित्र दाखवायची सोय असेल तर हा गोंधळ डोळ्यांना दिसतो. सी-बँड एलएनबीचा लोकल ऑसिलेटर 5150 आहे, त्यातून आलेली फ्रिक्वेन्सी वजा होऊन वायरवर येते, म्हणजे 3600 ची गडबड स्पेक्ट्रमवर 1550 च्या आसपास उभी दिसेल. असा स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या बॉक्ससाठी मी जास्तीचे पैसे आनंदाने देतो.

विकत घ्यायचं कुठून? मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, दिल्लीचा लजपतराय मार्केट हे जुने अड्डे. ऑनलाइनही मिळतात. मी दुकानालाच पसंती देतो, कारण काही दुकानांच्या गच्चीवर छत्री असते आणि "चालवून दाखवा" म्हणता येतं. ते शक्य नसेल तर आठ दिवसांत परत घेण्याची बोली पक्की करा आणि पावती घ्या. परदेशातून मागवलात तर कस्टम्स ड्यूटी धरूनच हिशेब मांडा.

घरी आणल्यावर माझी चाचणी अशी. जुना बॉक्स आणि नवा बॉक्स, दोघांना त्याच छत्रीची तीच वायर आळीपाळीने लावायची. क्वालिटीचे आकडे एकमेकांशी तुलना करायचे नाहीत, कारण प्रत्येक कंपनी आपल्या मनाने टक्के लावते. त्याऐवजी छोट्या छत्रीवर ओलं पोतं टाकायचं. आधी कोपऱ्यावर, मग हळूहळू पुढे सरकवत. पाणी केयू बँडचा, म्हणजे छोट्या छत्रीवरचा, सिग्नल खातं, त्यामुळे पावसाळ्याची परीक्षा उन्हाळ्यातच घेता येते. पोतं कुठपर्यंत आल्यावर चित्रात चौकोन पडायला लागले, तिथे खडूची खूण करायची. मग दुसरा बॉक्स लावून तेच. ज्याचं चित्र जास्त पुढपर्यंत टिकलं त्याचा ट्यूनर सरस. यात फसवणुकीला जागाच नाही, आणि पोतं सगळ्यांच्या घरी असतं.

त्यानंतर दोन तास सलग चालवून वरच्या पत्र्यावर हात ठेवा. हात टिकत नसेल तर आतले कपॅसिटर फार दिवस टिकणार नाहीत. 12 व्होल्टचा बाहेरचा अडॅप्टर असलेला बॉक्स मला जास्त आवडतो. अडॅप्टर जळला तर तेवढाच बदलता येतो, आणि लाईट गेली तर बॅटरीवर चालवता येतो. रिमोट हातात घेऊन बघा, त्यावर आकड्यांची बटणं आहेत ना. अँड्रॉइडवाल्या बऱ्याच रिमोटवर ती नसतात, आणि फ्रिक्वेन्सी भरताना जीव नकोसा होतो. त्याच दिवशी जोडीला एक जादा रिमोट घेऊन ठेवा, वर्षभराने ते मॉडेल मिळेलच असं नाही. रेकॉर्डिंगसाठी पेनड्राइव्ह लावणार असाल तर एनटीएफएस चालतं का ते विचारा. एफएटी32 वर 4 जीबीच्या वर एक फाइल जात नाही, मग मोठ्या रेकॉर्डिंगचे तुकडे होतात.

याहून पुढे जायचं असेल तर दोन वाटा आहेत. एक म्हणजे लिनक्सवर चालणाऱ्या एनिग्मा2 सॉफ्टवेअरचे रिसीव्हर, ड्रीमबॉक्स आणि व्हीयू प्लस ही त्यातली मोठी नावं. ओपनपीएलआय, ओपनएटीव्ही अशा इमेज (बॉक्सची तयार सॉफ्टवेअर) स्वतः टाकायच्या, चॅनेलच्या याद्या कॉम्प्युटरवर बसून लावायच्या, एकाच वेळी दोन-तीन ट्यूनर चालवायचे. किंमत साध्या बॉक्सच्या कितीतरी पट आहे. दुसरी वाट म्हणजे कॉम्प्युटरला टीबीएसचं ट्यूनर कार्ड. यूएसबीवाला टीबीएस 5927 आणि आत बसणारा 6903-एक्स ही हौशी लोकांची आवडती नावं. बातम्या-खेळांच्या काही फीड 4:2:2 (रंगांचा जास्त तपशील असलेल्या व्यावसायिक स्वरूपा) मध्ये येतात, त्या घरगुती बॉक्सची चिप उघडूच शकत नाही. आवाज येतो, पडदा काळा राहतो. कॉम्प्युटरवर व्हीएलसीत त्या दिसतात. फीडचं वेड लागलेल्याने ही दुसरी वाट धरावी, असं माझं स्पष्ट मत आहे. नवशिक्याने मात्र आधी एक बरा एच.265 बॉक्स घेऊन वर्षभर हात बसवावा.

एक सूचना कडकपणे. स्कॅन झाल्यावर काही चॅनेलच्या नावापुढे डॉलरचं चिन्ह येतं, म्हणजे ते कुलूपबंद (सांकेतिक केलेले) आहेत. "हा बॉक्स सगळं उघडतो" म्हणून विकणारा भेटला तर दुकानातून बाहेर पडा. ते बेकायदा आहे, आणि त्याच्या चाव्या-सर्व्हर कधीही बंद पडतात. फुकट आणि खुलं एवढं आहे की शोधायला आयुष्य पुरणार नाही.

बॉक्स पसंत पडला की त्याच दिवशी सॉफ्टवेअर आणि चॅनेल यादीचा बॅकअप पेनड्राइव्हवर काढा. नवं सॉफ्टवेअर टाकायचं असेल तर ते नेमकं त्याच मॉडेलचं, त्याच चिपचं आहे याची खात्री करा, आणि वीज जाण्याची शक्यता असेल तर ते काम पुढे ढकला. एलएनबीची वायर काढताना-लावताना बॉक्स भिंतीच्या बटणावरून बंद करा. पिनवर 13 किंवा 18 व्होल्ट असतात, आणि एफ कनेक्टरच्या जाळीची एक तार आत टेकली तरी शॉर्ट होऊन ट्यूनर जाऊ शकतो.