ब्रेकच्या सर्व्हिसिंगमध्ये कोणते ग्रीस कुठे लावावे

नाशिकहून कसारा घाट उतरून मुंबईकडे जाणाऱ्या किंवा सुट्टीच्या दिवशी सप्तशृंगी गडावरून उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक तापतात, आणि पावसाळ्यात त्र्यंबक-इगतपुरी भागातले पाणी व चिखल त्याच ब्रेकमध्ये शिरतो. त्यामुळे येथे ब्रेकमधल्या ग्रीसला उष्णता आणि पाणी या दोन्हींना तोंड द्यावे लागते. तरीही पुष्कळदा बेअरिंगसाठी आणलेल्या डब्यातलेच ग्रीस बोटावर घेऊन ब्रेकच्या पिनांना फासले जाते. हे टाळावे. ग्रीस निवडताना ते किती उष्णता सोसते याच्याही आधी ते ज्या भागाला लागणार आहे तेथे रबर आहे की नुसते लोखंड, हे पाहावे.

डिस्क ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, दोन पिनांवर सरकतो आणि या पिनांवर रबरी बूट, म्हणजे धूळ-पाणी रोखणारी आवरणे, असतात. काही गाड्यांत एका पिनेच्या टोकाला रबरी बुशही असतो. ब्रेकमधले रबर बहुधा ईपीडीएम जातीचे असते. डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल ते वर्षानुवर्षे सोसते, पण खनिज तेलाच्या संपर्काने ते फुगते आणि मऊ पडते. साधे लिथियम ग्रीस हे बहुतेक वेळा खनिज तेलापासूनच बनवलेले असते. ते लावल्यावर सुरुवातीला काहीच जाणवत नाही. काही काळाने बुश फुगून पिन जाम होते, कॅलिपर सरकेनासा होतो आणि आतला पॅड बाहेरच्यापेक्षा लवकर झिजतो. पॅड काढल्यावर दोन्हींच्या जाडीत ठळक फरक दिसला, तर आधी पिना तपासाव्यात.

पिनांसाठी सिलिकॉन ग्रीस, किंवा डब्यावर ब्रेक कॅलिपरसाठी आणि रबराला सुरक्षित असल्याचे स्पष्ट लिहिलेले सिंथेटिक ग्रीस घ्यावे. रंगावरून निवड करू नये, कारण रबर ग्रीस लाल असते तसेच कित्येक बेअरिंग ग्रीसही लाल असतात. दुकानात नुसते ‘ब्रेकचे ग्रीस’ न मागता वापर सांगून मागावे आणि सुटे ग्रीस पिशवीत बांधून आणू नये.

लावण्याची पद्धतही निवडीइतकीच महत्त्वाची आहे. पिन ओढून बाहेर काढावी, जुने ग्रीस ब्रेक क्लीनरने आणि स्वच्छ कापडाने पूर्ण पुसावे, पिनेचे भोकही आतून साफ करावे. पेट्रोल किंवा डिझेलने रबर धुऊ नये. पिनेवर गंजाचे खड्डे असतील तर ग्रीसने भागणार नाही, पिन बदलावी लागेल. नंतर पिनेवर पातळ थर द्यावा आणि बुटाच्या ओठाच्या आत थोडेसे लावावे. भोकात ग्रीस ठासून भरले तर पिन आत जाताना पुढे कोंडलेली हवा आणि ग्रीस तिला पिचकारीच्या दट्ट्यासारखी मागे ढकलतात. पिन बसवताना बुटाची कड किंचित उचलून हवा जाऊ द्यावी. बरोबर बसलेली पिन हाताने दाबली की आत जाते आणि तेथेच राहते.

पॅडचे कान ज्या खाचेत सरकतात तेथे, तसेच पॅडची मागची पट्टी पिस्टनला (कॅलिपरमधला पॅड ढकलणारा दट्ट्या) टेकते तेथे, धातूवर धातू घासतो आणि तापमानही जास्त असते. तेथे सिरॅमिक ब्रेक ग्रीसचा अगदी पुसट थर पुरेसा होतो. काही गाड्यांच्या पॅडक्लिपांवर कारखान्यातूनच थर दिलेला असतो आणि त्या कोरड्याच बसवायच्या असतात, म्हणून सर्व्हिस मॅन्युअल पाहावे. तांब्याचे ग्रीस या कामासाठी पूर्वी सर्रास वापरले जाई. उष्णता ते उत्तम सोसते, मात्र अ‍ॅल्युमिनियमच्या कॅलिपरवर पाणी लागताच दोन धातूंमुळे गंज वाढू शकतो. आपल्याकडचा पावसाळा लक्षात घेता सिरॅमिकच बरे, असे माझे मत आहे.

पिस्टनभोवतीच्या धूळरोधक बुटासाठी एरंडेल तेलावर आधारित रबर ग्रीस चालते. आतल्या मुख्य सीलला मात्र जोडणी करताना ताजे ब्रेक ऑइलच लावावे.

मागे ड्रम ब्रेक असतील तर शूची (ड्रमला आतून घासणारा अर्धगोल भाग) कड बॅकप्लेटवर, म्हणजे मागच्या स्थिर पत्र्यावर, जेथे घासते ते उंचवटे आणि अ‍ॅडजस्टरचे आटे, एवढ्याच ठिकाणी उष्णतारोधक ब्रेक ग्रीसचा ठिपका द्यावा. व्हील सिलिंडरच्या रबराजवळ ते जाऊ देऊ नये. ड्रममधली धूळ हवेने फुंकू नये. ओल्या कापडाने टिपावी. चाकाच्या बोल्टांच्या आट्यांना ग्रीस लावण्याची सवयही सोडावी, कारण त्यामुळे ठरलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो.

डिस्कवर बोटाचा ग्रीस लागला तर ब्रेक क्लीनरने तो निघतो. पॅड किंवा शूच्या लायनरमध्ये मुरला तर निघत नाही आणि घासकागदाने घासूनही भरवसा येत नाही, तेव्हा त्या अ‍ॅक्सलवरचे दोन्ही बाजूंचे पॅड किंवा शू बदलावेत. काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबावे. पहिली चाचणी सपाट, मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात घ्यावी.