पन्नास मिनिटं मी चुकीचेच प्रश्न विचारले

लेखकाची प्रकट मुलाखत घ्यायला पहिल्यांदाच बोलावलं असेल, तर माईक कसा धरायचा आणि पाहुण्यांची ओळख किती लांबवायची हे तुम्हाला कुणीही सांगेल. त्यात मी जात नाही. मला जे कुणी सांगितलं नव्हतं, ते सांगते.

माझी पहिली मुलाखत आमच्या तालुक्याच्या वाचनालयात झाली, २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी. पाहुणे दलित कादंबरीकार होते आणि त्यांची चौथी कादंबरी नुकतीच आली होती. मी ती वाचली होती, पण एकदाच, रात्री जागून, गोष्ट कळण्यापुरती. प्रश्न सगळे त्यांच्या आयुष्यावर काढले: बालपण, उपासमार, शाळेत वेगळं बसवणं, आईची मजुरी. सर शांतपणे उत्तरं देत गेले. पहिल्या रांगेतल्या एक बाई पदराने डोळे पुसत होत्या. मला वाटलं, जमलं.

नंतर चहा घेताना त्यांनी स्वतःची प्रत उघडून माझ्यासमोर धरली. ते सहावं प्रकरण होतं. त्यात नायकाचं नाव एकदाही येत नाही, कारण त्या गावात त्याला कुणी नावाने हाकच मारत नाही. "हे अकरा वेळा लिहिलंय," ते म्हणाले. "येताना एसटीत वाटत होतं, आज कुणीतरी याबद्दल विचारेल." ते प्रकरण मी वाचलं होतं आणि नाव नाही हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. आजही ते पान आठवलं की पोटात खड्डा पडतो.

हा सापळा नीट समजून घ्या. शहरातला, सुस्थितीतला लेखक आला की आपण निवेदन, रचना, भाषा, आवडते लेखक असं सगळं विचारतो. दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त समाजातला लेखक आला, किंवा लेखिका असली, की विचारतो काय भोगलंत. त्यांनी घडवलेलं पुस्तक टेबलावर तसंच पडून राहतं आणि आपण त्यांना जबानी द्यायला बसवतो. सामाजिक न्यायावर बोलायला बोलावून आपणच हा अन्याय करतो, तोही डोळ्यांत पाणी आणून, त्यामुळे कुणाला कळतही नाही.

दया पवारांचं 'बलुतं' हे आत्मकथन १९७८ साली आलं. त्यात दगडू मारुती पवार हा लेखकाचाच जुना 'मी' त्याच्याशी बोलतो. माणूस स्वतःशी असा दुभंगून का बोलतो, हा प्रश्न त्या रचनेतूनच निघतो, आणि त्याच्या उत्तरात जात येतेच येते. बेबीताई कांबळे फलटणला दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून लिहीत होत्या. त्यांच्या आत्मकथनाचं नाव 'जिणं आमुचं'. 'माझं' नाही, 'आमुचं'. त्या एका शब्दावर अर्धा तास बोलता येईल. ऊर्मिला पवारांच्या 'आयदान' या आत्मकथनात आईचं बांबूचं विणकाम आणि मुलीचं लिहिणं यांचा धागा एकच आहे.

म्हणून घाबरू नका. जातीबद्दल विचारायचंच नाही, असं मी म्हणत नाही. ते टाळणंही तितकंच वाईट. विचारा, पण पानावरून विचारा. "शाळेत किती त्रास झाला?" यापेक्षा "शाळेचा प्रसंग तुम्ही शिपायाच्या नजरेतून का सांगितला?" असं विचारून पाहा. त्रास त्या उत्तरातही येईल, पण किती सांगायचं ते लेखक ठरवेल.

पुस्तक दोनदा वाचा, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. याला पर्याय नाही. मलपृष्ठावरच्या मजकुरावरून किंवा यूट्यूबवरच्या जुन्या मुलाखतींतून प्रश्न उचलणारे मी रोज पाहते, आणि लेखकाला ते दुसऱ्या मिनिटाला कळतं. दीड तासाला सात-आठ प्रश्न पुरतात. मला मुलाखतीचे धडे देणाऱ्या एका ज्येष्ठांनी सांगितलं होतं, "टाळी आणि डोळ्यांत पाणी, दोन्ही मिळालं पाहिजे." ते मी मुकाट्याने ऐकलं. गुरू करायचाच असेल तर खूप मुलाखती घेतलेला नको, खूप वाचणारा शोधा.

आणि मानधनाचं आयोजकांना आधीच विचारा. लांबून एसटीने आलेल्या लेखकाला शाल-श्रीफळ देऊन वाटेला लावणं मला अजिबात पटत नाही. दिवसभराचा त्याचा वेळ गेलेला असतो.

शेवटच्या पंधरा मिनिटांत श्रोते प्रश्न विचारतात, तेव्हा कुणीतरी उभं राहून आरक्षणावर बोलणारच. पुस्तक न वाचता आलेला माणूस असतो तो बहुतेक वेळा. अशा वेळी तुमचे हातपाय गार पडतील. माझे अजूनही पडतात. यावर काय करायचं ते लेखकाला दोन दिवस आधी फोनवर विचारून ठेवा. काहींना त्या माणसाला उत्तर द्यायचंच असतं, मग मधे पडू नका. काही म्हणतात, "तीस वर्षं तेच उत्तर देतोय हो." त्यांच्यासाठी माईक तुम्ही घ्या, "पुस्तकावरचा प्रश्न असेल तर घेऊ" असं सरळ म्हणा आणि पुढच्या हाताकडे वळा.