धूर तपासणीआधी पेट्रोल गाडीची तयारी

गाडी थंड असताना तपासणीला नेऊ नका. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधले विषारी वायू कमी करणारा भाग) साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही. आधी १५-२० मिनिटे गाडी सलग चालवा. जागेवर इंजिन चालू ठेवून कन्व्हर्टर पुरेसा तापेलच असे नाही.

कार्बन मोनॉक्साइड जास्त आला, तर इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल जास्त मिळते आहे. वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल हे योग्य प्रमाण. ते बिघडते थकलेल्या ऑक्सिजन सेन्सरमुळे (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजून संगणकाला कळवणारा) किंवा गळक्या इंजेक्टरमुळे (इंजिनात पेट्रोल फवारणारा). फसवा दोष वेगळाच असतो: सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट पाइपला बारीक चीर. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी, वाटते आणि संगणक उगाच पेट्रोल वाढवतो. मग सेन्सर बदलूनही आकडा उतरत नाही.

हायड्रोकार्बन वाढले, तर पेट्रोल न जळताच बाहेर पडते आहे. आधी स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल बघा. मिसफायर (ठिणगी चुकून पेट्रोल न पेटणे) तसाच ठेवला तर ते पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळून त्याचा गाभा वितळू शकतो. प्लगचा खर्च त्यापुढे काहीच नाही.

चेक इंजिनचा दिवा स्कॅनरने आदल्या दिवशी पुसणे ही पळवाट चालत नाही. त्यासोबत गाडीच्या स्वयंचाचण्यांच्या नोंदीही पुसल्या जातात, आणि जिथे ओबीडी (गाडीतली दोष नोंदवणारी संगणक प्रणाली) तपासतात तिथे ते लगेच दिसते.

कार्बन डायऑक्साइड मात्र ट्यूनिंगने नाहीसा होत नाही: १ लिटर पेट्रोलमागे सुमारे २.३ किलो, डिझेलमागे २.७.