जुन्या ट्रकचं मीटर पॅनेल: आधी अर्थ (अर्थिंग), मग काटे

जुन्या ट्रकच्या डॅशबोर्डवर एक मीटर बंद, दुसऱ्याचा काटा अडकलेला आणि तिसरा जे दाखवतो त्यावर कुणाचाच भरवसा नाही, ही नेहमीची अवस्था. नवं पॅनेल स्वतः करता येतं आणि थोडक्या पैशांत होतं. पण नवखा माणूस आधी मीटरांचा सेट विकत घेऊन बसतो आणि निम्मे पैसे तिथेच बुडवतो. मीटर शेवटी घ्यायचे. आधी गाडीत काय शिल्लक आहे ते मोजायचं.

मोजायला साधा मल्टिमीटर पुरतो. बॅटरीची निगेटिव्ह काढा, सेंडरची (टाकीत किंवा इंजिनावर बसून मीटरला आकडा पुरवणाऱ्या भागाची) वायर सोडवा, ओहमवर एक टोक सेंडरच्या पिनला आणि दुसरं सेंडरच्याच बॉडीला लावा. टाकीचा फ्लोट, म्हणजे डिझेलवर तरंगणारा सेंडर, बाहेर काढून हाताने वर-खाली करा आणि दोन्ही टोकांचे आकडे लिहून ठेवा. युरोपीय पद्धतीच्या, म्हणजे व्हीडीओ (VDO, जर्मन मीटर कंपनी) वळणाच्या फ्लोटला टाकी रिकामी असताना १० ओहमच्या आसपास येतात, भरलेली असताना १८० च्या आसपास. अमेरिकी युनिव्हर्सल फ्लोट नेमका उलटा: रिकाम्याला २४०, भरल्याला ३३. जुन्या जनरल मोटर्सच्या बऱ्याच गाड्यांना ० ते ९०, जुन्या फोर्डला ७३ ते १०. मीटर या आकड्यांशी जुळणाराच हवा. 'मध्ये रेझिस्टर टाकून जमवू' असं सांगणारे पुष्कळ भेटतील. सिरीजमधल्या रेझिस्टरने फार तर एक टोक जमतं, दुसरं बिघडतं. आणि दिशा उलटी असेल तर काहीच जमत नाही.

म्हणून टाकीचा फ्लोट चालू असेल तर तोच ठेवा आणि त्याला जुळणारा मीटर घ्या. जुन्या टाकीत बसणारा फ्लोट मिळवणं अवघड, मीटर मिळवणं सोपं. ऑइल प्रेशर आणि टेम्परेचर यांचं मात्र उलट आहे. तिथे मीटर आणि सेंडर एकाच कंपनीचे, जोडीनेच घ्यायचे. दाबाच्या जोडीत रेंजही सारखी हवी. ५ बारचा आणि १० बारचा सेंडर दोघंही साधारण १० ते १८४ ओहमच देतात, त्यामुळे ५ बारचा सेंडर १० बारच्या मीटरला लावला की दाब जवळपास दुप्पट दिसतो. आणि माणूस खूश होतो.

आटे तपासल्याशिवाय सेंडर फिरवू नका. एम १० बाय १ (मेट्रिक) आणि एक-अष्टमांश एनपीटी (अमेरिकी पाइपचे निमुळते) हे दोन आटे नुसत्या डोळ्यांना सारखे दिसतात. दोन-तीन आटे आत जातात आणि मग अडकतं. तिथे पान्याने जोर लावलात तर ब्लॉकचे आटे गेले. पितळी ॲडॉप्टर क्षुल्लक किमतीत मिळतो, तो घ्या.

बरेच ट्रक २४ वोल्टचे असतात आणि स्वस्त मीटर १२ वोल्टचे. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ वोल्ट काढणं हा सगळ्यात चालणारा आणि सगळ्यात वाईट शॉर्टकट आहे. जिच्यावर टॅप मारला ती कायम अर्धी चार्ज राहते, दुसरी जादा चार्ज होते, आणि दोन्ही वेळेआधी मरतात. सरळ २४ वोल्टचे मीटर घ्या, नाहीतर ५ अँपिअरचा २४ ते १२ चा कन्व्हर्टर लावा.

पॅनेलचा पत्रा फार डोकं खाण्यासारखा विषय नाही. २ ते ३ मिमी ॲल्युमिनियम उत्तम. साइनबोर्डच्या कामातून उरलेले ३ मिमी एसीपीचे (दोन पातळ ॲल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिक) तुकडेही छान चालतात, कापायला हलके जातात. प्लाय ओल धरतो आणि फुगतो. ॲक्रिलिक स्क्रूपाशी तडकतं. लहान मीटरची बॉडी ५२ मिमी असते, पण रिंग त्याहून मोठी, म्हणून दोन मीटरांच्या मध्यबिंदूंत किमान ६५ मिमी ठेवा, ७० असेल तर हात जातो. मागे मीटर, पिन आणि वायरचं वळण मिळून ८० ते ९० मिमी खोली लागते. वायपरचा दांडा किंवा हीटरचा डबा तिथे आडवा येतो का ते आधी पाहा. पुठ्ठ्यावर भोकं पाडून पुठ्ठा जागेवर धरा, ड्रायव्हरच्या सीटवर बसा आणि स्टीअरिंगच्या आरीमागे कुठला मीटर लपतो ते बघा. ऑइल प्रेशर कधीही लपता कामा नये. होल-सॉ कमी वेगावर चालवा, पत्रा लाकडावर क्लॅम्प करा, कटिंग ऑइल टाकत राहा. ५१ मिमीचा होल-सॉ असेल तर उरलेलं अर्धगोल कानशीने. एखाद मिमी इकडेतिकडे झालं तर रिंगखाली झाकतं, घाबरू नका.

आता अर्थ, म्हणजे करंटची निगेटिव्हकडे परतायची वाट. इथे थांबून नीट वाचा, कारण या कामातला खरा सापळा हाच आहे आणि तो हुशार माणसांनाही गाठतो.

जुन्या डॅशबोर्डचा पत्रा हीच मीटरची निगेटिव्ह होती. मीटरची बॉडी, क्लॅम्प, डॅशचा पत्रा, केबिनचे बोल्ट अशी वाट आपोआप तयार व्हायची. म्हणून जुन्या मीटरांमागे निगेटिव्हची वायर बऱ्याचदा दिसतच नाही, आणि नवखा माणूस जेवढ्या वायरी दिसल्या तेवढ्याच नव्या मीटरांना जोडतो. पण त्याने त्या जागी एसीपी, प्लाय किंवा पावडर कोटिंग केलेला पत्रा बसवलेला असतो, आणि त्यातून करंट भरवशाने जात नाही. मग मीटर मिळेल त्या वाटेने निगेटिव्ह शोधतात, कधी लायटिंगच्या बल्बमधून, कधी शेजारच्या मीटरमधून. हेडलाइट लावला की सगळे काटे सरकतात, इंडिकेटरच्या तालावर डिझेलचा काटा डोलतो. हे दिसतं तरी. दिसतं म्हणून सापडतं.

न दिसणारा दोष इंजिनाच्या बाजूला असतो. एका पिनच्या सेंडरची निगेटिव्ह म्हणजे त्याची बॉडी: तिथून आटे, आट्यांतून ब्लॉक, ब्लॉकवरून विणलेल्या तांब्याच्या पट्ट्याने चासी. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे तो पट्टा हीच खात्रीची वाट. सेंडरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे चार वेढे दिले किंवा आट्यांत गंज राहिला, की तिथे काही ओहम वाढतात. मीटरला सेंडरचे ओहम आणि खराब जोडाचे ओहम वेगळे ओळखता येत नाहीत. तो बेरीज वाचतो.

ती बेरीज करून बघा. व्हीडीओ वळणाचा १२० अंशांचा टेम्परेचर सेंडर ८० अंशांना साधारण ६९ ओहम देतो, ९० ला ५१, १०० ला ३८.५ आणि १२० ला २२.७. तापमान वाढतं तसे ओहम घटतात. समजा जोडात १६ ओहम वाढले. पाणी खरोखर १२० अंशांवर आहे, सेंडर २२.७ देतोय, मीटरला मिळतात ३८.७, आणि काटा शांतपणे १०० दाखवतो. वीस अंश गिळले गेले, तेही हेड गॅस्केट जायच्या वेळेला. याच पद्धतीच्या ऑइल प्रेशर सेंडरचे ओहम दाबाबरोबर वाढतात, म्हणून तिथे तोच दोष दाब असतो त्यापेक्षा जास्त दाखवतो. शून्य दाबालाही काटा उठलेला राहतो. डिझेलचा काटाही असतं त्यापेक्षा जास्त दाखवतो. म्हणजे खराब अर्थ असला की तिन्ही काटे तुम्हाला हवं तेच सांगतात. पाणी गार आहे, दाब चांगला आहे, डिझेल आहे. कुणाला शंका येण्याचं कारणच उरत नाही. (२४० ते ३३ च्या पद्धतीत फ्लोट आणि ऑइल प्रेशरची चूक उलट्या, म्हणजे सुरक्षित बाजूला जाते. टेम्परेचरची मात्र तिथेही हीच गत.)

उपाय अवघड नाही, फक्त कंटाळा न करता करायचा आहे. पॅनेलच्या मागे एक एम ६ चा पितळी स्टड लावा. प्रत्येक मीटरची निगेटिव्ह स्वतंत्र वायरने त्या स्टडवर आणा. एका मीटरवरून दुसऱ्यावर अशी माळ ओवू नका. स्टडवरून २.५ चौरस मिमीची वायर इंजिनच्या ब्लॉकवर न्या, केबिनच्या पत्र्यावर नाही. सेंडर जिथे बसलेत तिथलाच शून्य मीटरला मिळाला पाहिजे. जिथे थिंबल (वायरच्या टोकाचा धातूचा कान) बसणार तिथला रंग आणि गंज चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडा, दातेरी वायसर टाका, घट्ट आवळा, आणि वरून ग्रीस लावा. ग्रीस आवळल्यानंतर, आधी नाही. समांतर आट्यांच्या सेंडरला तांब्याचा वायसर द्या, निमुळत्या आट्यांना लिक्विड सीलंटचा बारीक थेंब. टेफ्लॉन टेप या कामाच्या पेटीतच ठेवू नका. जमत असेल तर दोन पिनांचा, निगेटिव्ह वेगळी असलेला सेंडर घ्या. थोडा महाग पडतो, पण आट्यांचा प्रश्नच मिटतो.

तपासणी ओहमवर करायची नाही. मल्टिमीटरच्या स्वतःच्या वायरीच ०.२-०.३ ओहम दाखवतात. इंजिन चालू ठेवा. हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं लावा. मीटर डीसी वोल्टवर घेऊन एक टोक पॅनेलच्या स्टडला, दुसरं ब्लॉकच्या उघड्या धातूला. ०.०५ वोल्टच्या आत आलं तर निश्चिंत राहा. ०.१ च्या वर गेलं तर जोड शोधा. १० अँपिअर वाहणाऱ्या सामाईक वाटेत ०.१ ओहमचा गंज असेल तर तिथे १ वोल्ट जातो, आणि तो काट्यांतून दिसतो. मग दुसरं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावून पट्टा तपासा. सेल्फ जड चालत असेल तर संशय आधी याच पट्ट्यावर घ्यावा.

इथे उस्तादांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. टेस्ट लॅम्प पेटला की 'अर्थ ओके' म्हणणाऱ्या वायरमनचा हात इतर कामांत कितीही साफ असो, या कामात त्याचं ऐकू नका. २४ वोल्टचा ५ वॅटचा लॅम्प जेमतेम ०.२ अँपिअर ओढतो. ५ ओहमच्या सडक्या जोडातही त्याचा फक्त १ वोल्ट जातो, आणि लॅम्प जवळपास तेवढाच लख्ख पेटतो. जो वोल्टेज ड्रॉप, म्हणजे जोडात जाणारे वोल्ट, मोजून दाखवतो त्याच्या हाताखाली आठवडाभर फुकट राबलात तरी फायद्यात राहाल.

बाकीचं वायरिंग सरळ आहे. इग्निशननंतरच्या लाइनवरून मीटरांना ५ अँपिअरचा एक फ्यूज, पॅनेलच्या लाइटला वेगळा. फीडला १ चौरस मिमी, सेंडरला ०.७५ पुरते. पॅनेल आणि गाडीच्या हार्नेसमध्ये मल्टिपिन कनेक्टर टाका आणि एक वीत वायर जास्तीची सोडा, म्हणजे पॅनेल मांडीवर घेऊन काम करता येतं. थिंबल क्रिंपिंगच्या पकडीने दाबा. वायर पिळून वर टेप गुंडाळलेला जोड ट्रकच्या हादऱ्यात टिकत नाही. अँपिअर मीटर लावू नका. त्याच्यासाठी गाडीचा सगळा करंट जाड वायरीने केबिनमध्ये आणावा लागतो, आणि ती वायर घासली की आग. वोल्टमीटर पुरेसा आहे: २४ च्या गाडीत चार्जिंग चालू असताना साधारण २७.५ ते २८.५, १२ च्या गाडीत १३.८ ते १४.५.

चार्जिंगच्या दिव्याला हौसेने एलईडी लावू नका. बऱ्याच जुन्या आल्टरनेटरना फील्ड (आतलं चुंबकत्व) उठवायला त्या बल्बमधूनच करंट मिळतो. एलईडीमधून तो पुरत नाही आणि आल्टरनेटर झोपून राहतो. जुना बल्ब, त्याच वॅटचा, तसाच ठेवा. ऑइल प्रेशर आणि कमी हवेचे दिवे व बझरही काढायचे नाहीत. सेंडरवर जी आणि डब्ल्यूके अशा दोन पिना असतील तर जी मीटरची, डब्ल्यूके दिव्याची.

टॅकोमीटर (इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा) हवा असेल तर डिझेलवर आल्टरनेटरची डब्ल्यू पिन, तिथून पल्स मिळतात. इंजिनाच्या एका फेरीचे पल्स म्हणजे पोलच्या जोड्या गुणिले पुलीचं प्रमाण. क्रँकची पुली १८० मिमी, आल्टरनेटरची ७५, तर प्रमाण २.४, सहा जोड्या असतील तर १४.४ पल्स. तेवढं सेट करा आणि पुलीवर पट्टी चिकटवून ऑप्टिकल टॅकोने एकदा पडताळा.

हवेचा मीटर आणि त्याची नळी जुनीच वापरा. ब्रेकच्या हवेच्या लाइनमध्ये स्वतः टी बसवण्याच्या फंदात पडू नका. ते ब्रेकचं काम जाणणाऱ्याने करायचं. नळी सोडण्याआधी चाकांना उटी (अडसराचे ठोकळे) लावा, मग टाक्यांतली हवा पूर्ण सोडा.

पॅनेल बंद करण्याआधी प्रत्येक मीटर खोट्या सेंडरने तपासा. सेंडरची वायर काढून तिथून ब्लॉकला ५१ ओहमचा, १ वॅटचा रेझिस्टर लावला की टेम्परेचरचा काटा ९० च्या जवळ यायला हवा. डिझेलला १० आणि १८० लावून दोन्ही टोकं बघा. रेझिस्टरवर बरोबर आणि सेंडरवर चूक येत असेल तर मीटरला हात लावू नका, दोष इंजिनाच्या बाजूलाच आहे. पहिल्यांदा सगळं एकदम जुळत नाही, आणि त्यात काही बिघडलं नाही. बहुतेक वेळा एखादं थिंबल रंगावर बसलेलं असतं. मोजलेले सगळे ओहम आणि वायरींचे रंग एका कागदावर लिहून, प्लास्टिकमध्ये घालून पॅनेलच्या मागे चिकटवा. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर पॅनेल उघडून सगळे नट पुन्हा आवळा आणि स्टड ते ब्लॉकचा वोल्टेज ड्रॉप परत मोजा. आकडा त्याच कागदावर, तारखेसकट.