चौथा, पाचवा, सहावा: रक्त भरून घ्यायचे महिने

मी बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यातल्या एका गावात आशा सेविका आहे. चौदा वर्षं झाली. आमच्याकडे दिवाळी झाली की गाव ओस पडतं. कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, ऊसतोडीला निघतात आणि त्यांच्याबरोबर माझ्या वहीतल्या कितीतरी गरोदर बायाही. गाडीत चढताना हमखास एकजण म्हणते, "ताई, आता काही त्रास नाही, उलट्या थांबल्या." मला धास्ती बसते ती याच वाक्याची. उलट्या थांबल्या, भूक लागली, अंगात जोर आला की बाई दवाखाना विसरते. आणि नेमकं याच तीन महिन्यांत, चौथ्या ते सहाव्यात, रक्त पातळ होत असतं. अंगातलं पाणी भराभर वाढतं, त्या वेगानं लाल पेशी वाढत नाहीत. बाई चांगली दिसते, चालते-फिरते, आणि तपासलं तर हिमोग्लोबिन आठ.

म्हणून पहिलं काम लाल गोळीचं. चौथा महिना लागला की रोज एक, निदान 180 दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी 180 दिवस. एका गोळीत 60 मिलीग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर डॉक्टर दोन सांगतात. गोळी मिळते फुकट, पोटात जायची मात्र मारामार. एका घरी ज्वारीच्या डब्यात मला पाच पाकिटं सापडली होती, एकही गोळी फोडलेली नाही. सासूबाईंचं म्हणणं, गोळीनं बाळ काळं होतं. बाळ काळं होत नाही, शौचाला काळं होतं. तेवढंच. त्या दिवसापासून मी "गोळी घेतेस का" असं विचारणं सोडलं. मी विचारते, "काळं होतं का गं?" खोटं बोलणारीचा चेहरा लगेच कळतो.

गोळी घ्यायची रीत अशी. रात्री जेवल्यावर तासाभरानं, झोपायच्या आधी. मळमळ झाली तरी झोपेत निघून जाते. लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत घेतलीस तर जास्त अंगी लागते. चहासोबत अजिबात नाही, गोळीच्या आधी तासभर नाही, नंतर तासभर नाही. चहा लोह अडवून धरतो. दुधासोबतही नको. कॅल्शियमच्या पांढऱ्या गोळ्या दोन असतात, एक सकाळी खाल्ल्यावर, एक दुपारच्या जेवणानंतर. लाल आणि पांढरी एकत्र गिळू नकोस, मध्ये दोन तास तरी जाऊ दे. लाल गोळीनं शौचाला घट्ट होतं, त्यावर पाणी आणि पालेभाजी हाच उपाय. गोळी बंद करणं हा उपाय नाही.

जंताची गोळीही चौथ्या महिन्यानंतर एकदा घ्यायची असते, सिस्टर समोर बसवून देतात. शेतात अनवाणी चालणारीच्या पोटात आकड्यासारखे जंत जातात आणि ते रक्तच पितात. वरून लोह ओतायचं आणि खालून गळू द्यायचं, याला काय अर्थ? चप्पल घाल.

आता खाणं. आमच्याकडे दोन टोकांच्या म्हाताऱ्या आहेत. एक म्हणते दोन जिवांचं खा. दुसरी म्हणते कमी खा, लेकरू बारीक राहील, बाळंतपण सोपं जाईल. दोघींचं ऐकू नकोस, दुसरीचं तर मुळीच नाही. रोजच्यापेक्षा साधारण 350 कॅलरी जास्त लागतात, म्हणजे एक भाकरी आणि वाटीभर घट्ट वरण नाहीतर मटकीची उसळ. महिन्याला दीड-दोन किलो वजन वाढलं पाहिजे. मेथी, शेपू, चवळी, अंडं, परवडेल तेव्हा मटण. नाचणी मिळाली तर सोडू नकोस, कॅल्शियमला तिच्यासारखं धान्य नाही. गूळ-शेंगदाणे खा, पण ते गोळीच्या जागी नाहीत. बीट लाल असतं म्हणून रक्त वाढवतं, हा तर निव्वळ रंगाचा हिशेब झाला. आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेलं खायची सवय निदान या महिन्यांत मोड. भाजी आधी आपल्या ताटात काढ, बोलणारे बोलू देत.

तपासण्यांमध्ये दोन चुकवू नकोस. 18 ते 20 आठवड्यांची सोनोग्राफी, बाळाचे अवयव नीट आहेत का ते पाहायला. त्यात मुलगा-मुलगी विचारणं गुन्हा आहे, सांगणंही. 2011 च्या जनगणनेत आमच्या बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 807 मुली निघाल्या, तेव्हा हे मी उगाच सांगत नाही. दुसरी, 24 ते 28 आठवड्यांत साखरेची. 75 ग्रॅम ग्लुकोजचं पाणी प्यायचं, दोन तास बसायचं, मग रक्त देतात. 140 किंवा जास्त आलं तर डॉक्टरांशी बोलायचं. या दोन तासांत वैतागून घरी येणाऱ्या बाया मी पाहिल्यात. विणकाम घेऊन जा.

फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या रानात, जाणारीसाठी वेगळं सांगते. माता-बाल कार्ड गाठोड्यात नको, पिशवीत वर ठेव. ते दाखवलं की कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासतात, गाव विचारत नाहीत. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टरांकडून फुकट तपासणी असते, ती तारीख मुकादमाला आधीच सांगून ठेव. निघताना माझ्याकडून दोन महिन्यांच्या गोळ्या ने. मोळी डोक्यावर घेऊ नकोस, बांधायचं काम घे, नवऱ्याला समोर बसवून हे मी स्वतः सांगते. आणि पाणी. आडोसा नाही म्हणून बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत, लघवी दाबून ठेवतात. मग जळजळ, ताप, आणि कधीकधी वेळेआधी कळा. दोघी-तिघी मिळून जा, एकीनं लुगडं धरून उभं राहा. जळजळ झालीच तर मेडिकलमधून मनानं गोळी आणू नकोस.

पाचव्या महिन्यात पोटात मासोळी फिरल्यासारखं होतं. पहिलटकरणीला जरा उशिरा कळतं, दुसऱ्या वेळी लवकर. सहावा सरत आला तरी हालचाल नाही, रक्त किंवा पाणी जातंय, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तोंड सुजलंय, यातलं एक जरी झालं तरी रात्र काढू नकोस. 102 किंवा 108 लाव.

परवा फडावरून एकीचा फोन आला. सहावा चालू आहे तिचा. हॅलो नाही, काही नाही, सरळ म्हणाली, "ताई, काळं होतंय."

मी विचारलं, "आणि चहा?"

"तेवढं नको विचारू."