जॉर्डनच्या राणीवर बोलायचं असेल तर

फोंड्याला आमच्या महिला मंडळाच्या हळदीकुंकवात मी जॉर्डनच्या राण्यांवर बोलले. तुम्हीही बोलणार असाल, तर दागिने-कपड्यांपासून सुरुवात करू नका. आधी हे सांगा: तिथे राजाशी लग्न झालं म्हणजे राणीपद मिळतंच असं नाही. राजे हुसेन यांच्या दुसऱ्या पत्नी मुना ‘प्रिन्सेस’च राहिल्या. तिसऱ्या, आलिया, राणी झाल्या. १९७७ मध्ये हेलिकॉप्टर अपघातात गेल्या. अम्मानच्या विमानतळाला त्यांचंच नाव आहे. पुढे १९७८ मध्ये आलेल्या नूर जन्माने अमेरिकन.

मग हुसेन यांचे पुत्र राजे अब्दुल्ला यांच्या पत्नी, आताच्या राणी रानिया, यांच्यावर या आणि इथे घाई करू नका. जन्म १९७० चा, कुवेतमधला, आईवडील पॅलेस्टिनी. इराकने कुवेत घेतल्यावर कुटुंब अम्मानला गेलं. इथे माझा आवाज भरून आला. त्याच १९९० मध्ये माझे काका कुवेतहून एका बॅगेनिशी घरी परतले होते. बॅगेत तिथल्या घराची किल्ली होती, ती काकीने वर्षानुवर्षं देवघराच्या खणात ठेवली. आपल्याकडे घरोघरी कुणी ना कुणी आखातात असतं, बायका लगेच बोलू लागतात. बोलू द्या.

अम्मानमध्ये रानियांनी बँकेत आणि ॲपलमध्ये नोकरी केली, १९९३ मध्ये लग्न, १९९९ मध्ये राणीपद. राज्यकारभार राजाच्या हाती, हे स्पष्ट करा. पण त्यांची जॉर्डन रिव्हर फाउंडेशन ही संस्था १९९५ पासूनची, म्हणजे राणी होण्याआधीची. मुलांवरचे अत्याचार रोखणं, बायकांना हस्तकलेतून कमाई, हे तिचं काम. ते सविस्तर सांगा. आणि नकाशा न्यायला विसरू नका.